बिल्ला नसलेली पार्वतीबाई

आमच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्याच्या बाजाराच्या, गेटवर वॉचमन बसतो. आत जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या पदराला लावलेला बिल्ला तो बघतो आणि मानेनंच 'जा' म्हणतो. बिल्ला नसला की आडवा होतो. ज्या बाईनं या मोंढ्यातल्या बायांना बिल्ले मिळवून दिले त्या पार्वतीबाईलाही तो आडवा होतो, कारण तिच्याजवळ बिल्ला नाही.

एकदा मी त्याच्यावर ओरडलो, "आरं गाढवा, ही कोन हाय ठावं हाय का तुला?"

तो म्हणाला, "अण्णा, कोन का असंना. युनियनचाच नियम हाय."

खरं बोलला बिचारा, आणि म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी मल्लिनाथ. गेटासमोर माझं चहाचं हॉटेल आहे, वडिलांनी टाकलेलं. मोंढा म्हणजे लातूरचा मोठा मोंढा नव्हे. मुरुडच्या रस्त्याला लागून आमचा हा धाकटा मोंढा आहे. आडती, म्हणजे धान्यदलालांच्या पेढ्या, थोड्या, पण भांडणं मोठ्या मोंढ्याच्या तोडीची. ती सगळी शेवटी माझ्या बाकड्यावर येऊन मिटतात नाहीतर पेटतात. त्यामुळं पुढं जे सांगतोय त्यात ऐकीव काही नाही.

पार्वतीबाई मुरुडची. नवरा तरणाताठा गेला, तशी पोराला काखेला मारून इकडं आली आणि बसलिंगप्पाच्या आडतीवर धान्य चाळायला बसली. बसलिंगप्पा म्हणजे आमच्या मोंढ्यातला बडा आडत्या. माझा लांबचा पाहुणा लागतो. कपाळाला विभूती, जिभेवर साखर, आणि पोटात काय आहे ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नसावं.

मोंढ्याची रीत अशी होती. शेतकऱ्याचा माल आला की आडतीपुढं त्याचा ढीग लावायचा. बायांनी तो चाळून खडा-माती काढायची. सौदा झाला की हमालांनी कट्टे, म्हणजे पोती, भरायचे. हमालांना मजुरी मिळायची. बायांना मजुरी नव्हती, बायांना मातेरं होतं. ढीग उचलल्यावर खाली माती, काडीकचरा आणि त्यात सांडलेले दाणे उरतात, ते मातेरं. ते झाडायचं, सुपानं पाखडायचं आणि हाती लागेल तेवढं धान्य पदरात बांधून घरी न्यायचं. ही चाल निजामाच्या राजवटीपासूनची, असं आडते सांगतात. आमच्याकडं कुठल्याही वाईट चालीला निजाम बरा सापडतो. तो गेला त्याला किती काळ लोटला, हे कुणी विचारत नाही.

बायांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. उलट मोठ्या आडतीवरचं मातेरं मिळावं म्हणून त्या एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. प्यायला बैलांच्या हौदातलं पाणी. लघवीला जायचं तर पोत्यांच्या थप्पीमागं, एकीनं पदर धरून उभं राहायचं, दुसरीनं बसायचं. कितीतरी बाया सकाळपासून पाणीच पीत नसत. मी चहा दिला तर अर्धा ठेवून द्यायच्या. मला आधी वाटायचं, माझा चहा वाईट आहे.

तुळजाबाई म्हणून एक बाई पार्वतीबाईच्या शेजारी बसायची. एका दुपारी तुरीच्या कट्ट्यांची थप्पी कलली आणि तिच्या अंगावर आली. मांडीचं हाड मोडलं. हमालांनी कट्टे उपसून तिला बाहेर काढलं. ती गुरासारखी ओरडत होती. पार्वतीबाई धावत बसलिंगप्पाच्या गद्दीवर, त्याच्या बैठकीवर, गेली.

"आप्पा, रिक्षा बोलवा. तुळजाला दवाखान्यात न्यायचंय."

बसलिंगप्पा म्हणाला, "न्या की. मी कुठं अडवून राहिलो? पर बाई, ती काय आमची कामगार न्हाई. मातेरं न्यायला येती, आपल्या गरजंनं."

तुळजाबाईला हमालांनी वर्गणी करून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी पार्वतीबाई माझ्या बाकड्यावर येऊन बसली. चहावर साय धरली तरी तिनं कपाला हात लावला नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "हे मूठभर दाणं नेतो ना आमी, त्याच्यापायी आमी भिकारी हाव. मातेरं सोडलं, तर कामगार."

शिकली नव्हती. पण बसलिंगप्पाच्या त्या एका वाक्याचा काटा तिच्या काळजात असा रुतला की तो काढता काढता तिनं अख्खा मोंढा हलवला.

हमालांची युनियन आधीपासून होती. तिचा पुढारी उमाशंकर, नांदेडच्या मोंढ्यात हमाली करून वर आलेला, आवाज खणखणीत. हमालांच्या पाठीवरचं पोतं निम्म्या वजनाचं झालं ते युनियनमुळंच. त्याआधीच्या हमालांच्या माना आणि गुडघे मी बघितले आहेत. माझा थोरला चुलता त्यातच वाकून गेला. त्यामुळं युनियनला नावं ठेवणाऱ्याला माझ्या हॉटेलात चहा मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे सांगणार आहे त्यावरून कुणी भलता अर्थ काढू नये.

उमाशंकर तिला म्हणाला, "बाई, बायांना युनियनमंदी घेऊ. पर तुमी मातेरं नेता तवर कोनता बी साहेब तुमाला कामगार मननार न्हाई."

"मग न्हाई नेत," पार्वतीबाई म्हणाली.

बोलायला सोपं होतं. हरभऱ्याचा हंगाम तोंडावर होता, आणि मोंढ्यातल्या बायांच्या घरी वर्षाची डाळ त्याच मातेऱ्यातून निघायची. तरी तिनं घरोघर फिरून एकेकीला तयार केलं. तोवर पाय जुळलेली तुळजाबाईही लंगडत येऊन चाळणीला बसली. ठरलं असं की काम सोडायचं नाही. काम सोडलं की दुसऱ्या बाया येतात. चाळणी धरायची, ढीग साफ करून द्यायचा, आणि मातेऱ्याला हात लावायचा नाही. 'आम्हाला झाडण नको, मजुरी द्या,' एवढंच म्हणायचं. हमालांनीही सांगून टाकलं, बाहेरची बाई मातेऱ्याला बसली तर कट्टा उचलणार नाही. हमालांच्या बायका बायांसाठी भाकरी धाडायच्या. माझ्या हॉटेलातला चहा होताच.

पहिले काही दिवस आडते हसले. मग मोंढ्यात मातेऱ्याचे ढीग साठायला लागले. आडतीपुढं, गटारीत, रस्त्यावर, जिकडंतिकडं दाणे. कबुतरं आली, उंदीर आले, दाण्यांवरून पाय घसरून एका मुनिमाचं कंबरडं दुखावलं. जन्मभर ज्यांनी 'घेऊन जा' म्हणून उपकार केले, त्यांना पहिल्यांदा 'बायांनो, तेवढं उचला हो' म्हणावं लागलं. कुणी उचललं नाही. तेवढ्यात अवकाळी पडला आणि हरभऱ्याला मोड आले. कुजका वास माझ्या दुधाच्या पातेल्यापर्यंत यायला लागला. शेतकरी नाकाला रुमाल लावून यायचे, मग येईनासे झाले. गाड्या मोठ्या मोंढ्याकडं वळल्या, तेव्हा कुठं आडत्यांचे डोळे उघडले.

या सगळ्या हंगामात पार्वतीबाईनं एकदाही चाळणी धरली नाही. धरणार कशी? ती राखणीवर होती. सकाळी मोंढा उघडला की काठी घेऊन या आडतीवरून त्या आडतीवर. समोर दाणे पडलेले, घरी पोरं उपाशी, मन कुणाचं डळमळणार नाही? कुणी पदराखाली हात नेला की ही तिथं हजर. कधी हात जोडायची, कधी शिव्या घालायची. तिच्या शिव्या ऐकायला हमाल मुद्दाम थांबायचे.

एक दिवस सापडली ती तिची सून. काखेतून आणलेला तो मुलगा, नागसेन, आता पुण्याकडं कंपनीत कामाला, सून लुंबिनी इथं मोंढ्यात. घरी नात फुटाण्यांसाठी हट्ट करत होती म्हणून लुंबिनीनं मूठभर हरभरे पदरात बांधले होते. पार्वतीबाईनं भर मोंढ्यात सगळ्या बायांसमोर सुनेच्या पदराची गाठ सोडली. हरभरे मातीत सांडले.

"आत्या, पोरीसाठी घेतले हुते," लुंबिनी रडत म्हणाली.

"पोर रडंना का," पार्वतीबाई म्हणाली. "आज रडंल. जन्मभर तर रडनार न्हाई."

त्यानंतर कुणी पदराखाली हात नेला नाही.

शेवटी आडत्यांनी बोलणी लावली. बाजाराच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर आडते, समोर उमाशंकर, खाली सतरंजीवर बाया. चहा माझा, म्हणून किटली घेऊन मीही दाराशी. आडत्यांनी बहुतेक सगळं मान्य केलं. बायांना कट्ट्यामागं मजुरी, बिल्ला, फंड, दुखलंखुपलं तर दवाखाना. बसायला शेड, प्यायला पाणी, संडास. मातेरं यापुढं कुणालाच नाही, ते मोंढ्याचं. अट एकच घातली. हंगामात ज्या बाया ज्या आडतीवर कामाला होत्या त्यांनाच बिल्ला, आणि तसं त्या आडत्यानं सर्वांसमोर सांगायचं.

एकेक आडत्या उठून आपापल्या बायांची नावं घेत गेला. बसलिंगप्पा उठला. त्यानं तुळजाबाईचं नाव घेतलं, लुंबिनीचं घेतलं, सगळ्यांची घेतली आणि बसला.

उमाशंकर म्हणाला, "आप्पा, पार्वतीबाई राहिली."

"राहिली कशी?" बसलिंगप्पा म्हणाला. "आमच्या आडतीवर हंगामभर ह्या बाईनं चाळणीला हात लावला न्हाई. मोंढाभर काठी घेऊन फिरत हुती. खोटं बोलू का मी?"

आयुष्यात पहिल्यांदाच बसलिंगप्पाला खरं बोलायची हुक्की आली होती. त्या हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं की हा सूड आहे, आणि प्रत्येकाला हेही माहीत होतं की शब्दन् शब्द खरा आहे.

"बाकी सगळं मान्य हाय," तो पुढं म्हणाला. "त्या एका नावावर मी न्हाई मनतो. अडवायचं तर अडवा करार."

उमाशंकरनं पार्वतीबाईकडं बघितलं. ती म्हणाली, "करा सही."

हे तिनं कसं म्हटलं ते मी पाहिलं आहे. ती म्हणाली 'करा सही' आणि लगेच मागं वळून बायांकडं बघितलं. तिला खात्री होती. कुणीतरी उठणार, कुणीतरी म्हणणार, हिला सोडून आम्हाला बिल्ला नको. तिनं तुळजाबाईकडं बघितलं. तुळजाबाई आपल्या पायाची नखं बघत होती. लुंबिनीनं तोंड उघडलं, मग बाजूच्या बाईकडं बघितलं आणि मिटलं. उमाशंकरनं सही केली. मग टाळ्या वाजल्या, जय भीम झालं, युनियनचा विजय असो झालं, आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होती पार्वतीबाईच.

आता मोंढ्यात या आणि बघा. बायांच्या शेडमध्ये पंखा फिरतो. थंड पाण्याची टाकी आहे. संडासाला आतून कडी आहे. ही कडी म्हणजे काय चीज आहे ते पुरुषाला कळायचं नाही, मलाही बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं. एका बाईला चक्कर आली तर आडत्यानं स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. बाया आता माझा चहा पुरता पितात, वर दुसरा मागतात. लुंबिनी मुकादम झाली. घरी गॅस आला, नात चांगल्या शाळेत जाते. तुळजाबाई लंगडते म्हणून तिला चाळायला बसवत नाहीत, पाण्याच्या टाकीशी बसवतात, आणि तिलाही बिल्ला आहे. हे सगळं युनियननं केलं. नाही म्हणणाऱ्याच्या मी कानाखाली वाजवीन.

पार्वतीबाईला काय मिळालं? शाल आणि नारळ. वर्षानं युनियनचा मेळावा झाला, त्यात सत्कार केला. उमाशंकर म्हणाला, "ही आमची माऊली. पुढच्या करारात हिचं नाव पहिलं." पुढचा करार आला तेव्हा बोलणी मजुरीच्या वाढीवर अडली होती, एका नावासाठी वाढ कोण घालवणार? नांदेडहून एक हमाल माझ्याकडं चहाला आला होता. तो सांगत होता, उमाशंकर तिकडच्या सभेत पार्वतीबाईची गोष्ट सांगतो, बाया डोळे पुसतात. मी विचारलं, शेवट सांगतो का? तो म्हणाला, कसला शेवट? गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं वैद्याला मारलंसुद्धा नाही, नुसतं हार घालून दाराबाहेर बसवलं.

बिल्ला नाही म्हणून मजुरी नाही आणि करार झाला म्हणून मातेरंही नाही, अशी ती दोन्ही घरचा पाहुणा होऊन बसली. मी मोंढ्यातल्या कितीतरी बायांना म्हणालो, सगळ्या मिळून एक दिवस चाळण्या खाली ठेवा, बसलिंगप्पा झक मारून तिचं नाव घेईल. त्या म्हणायच्या, "खरं हाय अण्णा." आणि चहाचा कप ठेवून कामावर जायच्या. सून वाईट नव्हती. सून वाईट असती तर गोष्ट सोपी होती. लुंबिनी सासूला ताजी भाकरी वाढायची, औषध आणायची, शब्दानं दुखवायची नाही.

"पर अण्णा, घास उतरत न्हाई," पार्वतीबाई म्हणायची. "हात रिकामे हायत. जन्मात कधी रिकाम्या पदरानं घरी गेले न्हाई मी."

सवयीनं ती रोज मोंढ्यात यायची. तेव्हा वॉचमन नव्हता. बाया चाळत बसायच्या, ही शेडच्या कडेला बसून बघायची. कुणाची चाळणी तिरकी धरली असली तर बसल्या जागेवरून ओरडायची.

गेल्या हरभऱ्याच्या हंगामात एका दुपारी बसलिंगप्पानं गद्दीवरून हाक मारली. "पार्वतीबाई, ढीग उचललाय. खाली मातेरं पडलंय बघ. ने की चार दाणे. तू काय आमची कामगार न्हाईस, तुला कोनता नियम?"

युनियनची मजुरीची बोलणी पुन्हा तोंडावर आली होती. त्या हाकेत माया नव्हती हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पार्वतीबाईला कळलं नसेल का? पण ती उठली. त्या पिवळ्या दाण्यांजवळ गुडघे टेकून बसली, हातानंच माती बाजूला सारली आणि पदराच्या टोकात मूठभर हरभरे बांधले. मी गेटातून बघत होतो. चाळण्यांचा आवाज थांबला. सगळ्या बायांनी लुंबिनीकडं बघितलं, कारण ती मुकादम होती.

लुंबिनी आली. "आत्या, सोडा ते."

"पोरीला फुटाणं करते गं. त्या टायमाला तिच्या तोंडातलं काढलं हुतं मी. मूठभरच हाय."

"आज तुमी नेलं तर उद्या आप्पा मननार, मातेऱ्यावर बाया मिळत्यात, मजुरी कामून द्यायची?" लुंबिनीचा आवाज फाटला होता. "तुमीच शिकवलं न्हाई का आत्या?"

लुंबिनीनं वाकून सासूच्या पदराची गाठ सोडली. हरभरे मातीत सांडले.

वरून बसलिंगप्पा म्हणाला, "असू दे गं पोरी. म्हातारं माणूस. मी देतो मनून ने, पार्वतीबाई."

तेव्हा ती उभी राहिली. पदर झटकला. "आप्पा, तुमचं दान नको मला. मी भिकारी न्हाई. मी हितली कामगार हाय."

बसलिंगप्पा हसला. "आसं का? इचार की मग ह्यांना."

तिनं पुन्हा एकदा मागं वळून बायांकडं बघितलं. त्या दिवशी हॉलमध्ये बघितलं होतं तसंच. बिल्ले लावलेल्या सगळ्या बाया तिथं होत्या. एकीनं तरी 'हाव, हाय' म्हणावं. दोन शब्द. त्याला ना मजुरी जाणार होती ना बिल्ला. पण 'हाव' म्हटलं असतं तर त्या सहीच्या दिवशी आपण का गप्प बसलो, हे स्वतःला विचारावं लागलं असतं. टाकीजवळ तुळजाबाई पेले विसळत राहिली. सौद्याची घंटा झाली आणि बाया आपापल्या ढिगाकडं गेल्या. लुंबिनी सगळ्यांत शेवटी गेली, पण गेली.

मला बसलिंगप्पाचा राग येत नाही. साप चावला तर सापावर कोण रुसतं? राग येतो तो त्या बायांचा, ज्यांना मी रोज हसून चहा देतो.

त्या दुपारनंतर युनियननं मागणी करून गेटवर वॉचमन बसवला. बिल्ल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, म्हणजे मातेऱ्याचा मोह कुणाला नको. नियम चांगलाच आहे.

लुंबिनी घाईत निघते, तिचा डबा घरी राहतो. पार्वतीबाई तो घेऊन दुपारी गेटापर्यंत येते आणि वॉचमनच्या हातात देते. तो नवा होता तेव्हा पहिल्या दिवशी त्यानं तिला अडवून विचारलं होतं, "मावशी, तुमी हितल्या कामगार हाव का?"

मी हॉटेलातून ऐकत होतो. तिनं आत शेडकडं एकदा बघितलं आणि डबा पुढं केला.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "मी लुंबिनीची सासू."